बाक करणाऱ्याचे नाव

आपल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसा. समोरच्या फळीवर कर्कटकाने कोरलेली निदान दहा-पंधरा नावे सापडतील. कोणी स्वतःचे नाव कोरले आहे, कोणी बदामात दोन आद्याक्षरे अडकवली आहेत, तर कोणी नुसतेच वर्ष लिहून ठेवले आहे. बाकाच्या पाठीला पांढऱ्या रंगात महाविद्यालयाचे नाव आणि क्रमांक आहे. म्हणजे बसणाऱ्यांची नावे आहेत, विकत घेणाऱ्याचेही आहे. ज्याने तो बाक केला त्याचे नाव मात्र वर-खाली कुठेच नाही. दीड वर्ष मी या बाकांवर बसते आहे, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती गेल्या पावसाळ्यात, आणि तीही फ्रान्सच्या राजाच्या काळातल्या एका खुर्चीमुळे.

झाले असे. इतिहासाच्या तासाला फ्रेंच राज्यक्रांती चालू होती. सरांनी ग्रंथालयातले एक जाडजूड सचित्र पुस्तक आणले होते आणि ते बाकाबाकावरून फिरत होते. त्यात सोळाव्या लुईच्या काळातल्या एका खुर्चीचे चित्र होते. पाठ लंबगोल, आरशाच्या चौकटीसारखी. पाय सरळ, गोल, खाली निमुळते होत गेलेले, आणि त्यांवर उभ्या पन्हळी. पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा, आणि त्यात कोरलेले फूल. सगळ्यावर सोन्याचा मुलामा. वर्गातल्या मुली म्हणाल्या, "काय सुंदर आहे!" मी गप्प बसले. कारण ती खुर्ची मी ओळखली होती. तसल्या चार खुर्च्या त्या दिवशी आमच्या घरापुढे टिनाच्या शेडखाली उलट्या करून ठेवल्या होत्या, आणि सकाळी महाविद्यालयात येण्यापूर्वी त्यांतल्या दोघींना मीच पॉलिश पेपर मारून आले होते.

माझे बाबा सुतारकाम करतात. लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीसाठी जो सोनेरी सोफा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या खुर्च्या असतात, ते त्यांचे मुख्य काम. डेकोरेशनवाले त्यांना 'महाराजा खुर्ची' म्हणतात. लाकूड बाबा कापतात, कोरतात, जोडतात. घासायचे काम माझे आणि भावाचे. मखमल ताणून बटणे आई लावते. सोनेरी रंग मारायला शेजारचे काका येतात. चित्रातल्या खुर्चीवर खरे सोने होते आणि आमच्या खुर्चीवर डब्यातला रंग असतो, पण ठेवण तीच. असे असूनही मी वर्गात तोंड उघडले नाही. का, ते पुढे सांगते.

त्या रात्री मोबाईलवर काढून आणलेला त्या चित्राचा फोटो मी बाबांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पायांवर आणला आणि बराच वेळ पाहिला. "हे पन्हळ हातानं मारली आहे, मशीनची नाही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "कोणं बनवली?"

कोणत्या राजाची, केवढ्याची, असे त्यांनी विचारले नाही. कोणी बनवली, एवढेच विचारले. गंमत अशी की या प्रश्नाला उत्तर होते. चित्राखालीच छापले होते: जॉर्ज जाकोब.

हा जाकोब १७३९ साली फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तरुणपणी पॅरिसला येऊन सुतारकाम शिकला आणि पुढे थेट राजघराण्यासाठी खुर्च्या करू लागला. तो ज्या काळात काम करीत होता त्याच्या थोडे आधी, म्हणजे १७३८ आणि १७४८ साली, इटलीत हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली रोमन शहरे उकरायला सुरुवात झाली होती. ते अवशेष पाहून युरोपची आवडच पालटली. पंधराव्या लुईच्या काळातले वाकडे, नागमोडी पाय मागे पडले आणि रोमन देवळांच्या खांबांसारखे सरळ, पन्हळींचे पाय आले. पानांच्या माळा, फुलांचे चौकोन, गोल पाठी हे सारे त्याच लाटेतले. आमच्या शेडमधल्या पायांवर बाबा पटाशीने ज्या पन्हळी काढतात त्यांचे मूळ कुठे आहे, हे मला तेव्हा कळले. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेर, बडोदा अशा आपल्या मराठी संस्थानिकांनी युरोपीय धर्तीचे राजवाडे बांधले आणि तसलेच सामान आत नेले. लोकांच्या मनात 'राजाची खुर्ची' म्हणजे अशी खुर्ची हे चित्र पक्के झाले. आज तीच एका संध्याकाळीपुरती भाड्याने घेऊन आपण नवऱ्या मुलाला राजा करतो.

परंतु मला सांगायचे आहे ते खुर्चीच्या घाटाविषयी नव्हे, तिच्याखालच्या शिक्क्याविषयी. पॅरिसच्या सुतारांचा एक संघ होता. १७४३ साली त्याने नियम केला आणि १७५१ पासून तो अमलात आला: संघाच्या प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी शिक्का करून घ्यावा आणि आपण केलेल्या प्रत्येक वस्तूवर तो ठोकावा. शिक्का दर्शनी भागावर नसे. बैठकीखाली, मागच्या पट्टीवर, दिसणार नाही पण शोधल्यास सापडेल अशा जागी असे. क्रांतीनंतर १७९१ मध्ये असले सगळे संघच बरखास्त झाले. पण मधल्या चाळीस वर्षांतल्या कामामुळे आज अडीचशे वर्षांनंतरही खुर्ची उलटी केली की सुताराचे नाव वाचता येते.

आता कोणी म्हणेल, हा कलेचा सन्मान कसला, हा तर धंद्याचा बंदोबस्त होता. खरे आहे. संघाबाहेरच्या कारागिराला बाजारात येऊ द्यायचे नाही आणि खराब मालाचा धनी कोण ते कळावे, हाच मुख्य हेतू होता. शिवाय एका खुर्चीला सुतार, नक्षी कोरणारा, सोन्याचा मुलामा देणारा, गादी भरणारा असे अनेक हात लागत, आणि शिक्का बहुधा एकट्या सुताराचा असे. म्हणजे तिथेही काहींची नावे बुडालीच. पण हेतू काहीही असो, परिणाम पाहावा. पंधराव्या लुईसाठी केलेले एक प्रसिद्ध लिहिण्याचे मेज आहे. ओबेन नावाच्या कारागिराने ते १७६० साली सुरू केले. तो मध्येच वारला आणि त्याच्या कारखान्यातल्या रीसनेरने ते १७६९ मध्ये पुरे केले. राजाच्या त्या मेजावर रीसनेरने लाकडाच्या जडावकामात स्वतःचे नाव आणि साल घातले आहे. राजाने रोज ज्या मेजावर बसून लिहायचे, त्यावर सुताराची सही! आपल्याकडे असे झाले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

इथे मला आपल्या नागपूरची आठवण होते. फ्रान्समध्ये राजेशाही कोसळल्यावर व्हर्सायच्या राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. २५ ऑगस्ट १७९३ रोजी तो सुरू झाला आणि जवळजवळ वर्षभर, ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत, चालला. १७,१८२ क्रमांक पुकारले गेले. रीसनेरने स्वतः केलेल्या काही वस्तू या लिलावांत पुन्हा विकत घेतल्या. त्याला वाटले, आपण त्या विकू. पण जमाना बदलला होता, गिऱ्हाईक मिळाले नाही. एके काळचा राजाचा कारागीर १८०६ मध्ये वारला तेव्हा त्याचे वैभव संपलेले होते.

याच्या साठ वर्षांनंतर तसाच लिलाव आपल्या गावाने पाहिला. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. मुलगा नव्हता. डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन मातीमोलाने विकले गेले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने सत्तावनच्या उठावाचा इतिहास लिहिताना ही हकीगत दिली आहे, आणि तिच्यात एक ओळ अशी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. वृद्ध बांकाबाईंनी निरोप पाठवला होता की वाड्यातले सामान हलवाल तर मी वाड्याला आग लावीन. सामान हलवले गेलेच. पुढे १८६४ मध्ये तो वाडा खरोखरच आगीत जळाला. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने नटलेला तो वाडा होता असे जुने गॅझेटियर सांगते. उरला तो नगारखान्याचा दरवाजा.

दोन्हीकडे राजवाडा, दोन्हीकडे लिलाव. एका ठिकाणी प्रजेने आपल्या राजाचे सामान विकले, दुसऱ्या ठिकाणी परक्या कंपनीने. या फरकावर पुष्कळ बोलता येईल. मला दुसराच एक फरक बोचतो. फ्रान्सच्या राजाच्या सामानाचे स्वतंत्र खाते होते. त्याच्या वहीत प्रत्येक वस्तूची नोंद होई, तिला क्रमांक मिळे, आणि तोच क्रमांक वस्तूच्या मागे रंगवला जाई. लिलावात सामान जगभर पांगले, पण वह्या राहिल्या. म्हणून आज लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या बाजारात एखादे कपाट निघाले आणि त्यामागचा क्रमांक जुळला, तर व्हर्सायचे लोक सांगू शकतात की हे अमुक दालनातले, अमुक कारागिराचे. कित्येक वस्तू त्यांनी अशा ओळखून परत मिळवल्या आहेत. आणि नागपूरच्या हकीगतीत? तिथे हत्ती-घोड्यांचा उल्लेख आहे, राणीच्या संतापाचा आहे, आणि वाड्यातल्या लाकूडकामासाठी 'सामान' हा एक शब्द आहे. ज्यांनी ते खांब, त्या महिरपी कोरल्या, ते या कथेत कुठेच नाहीत. वाडा जळाला हे खरे, पण त्यांची नावे आगीत जळाली असे म्हणता येत नाही. ती लिहिली कुणी होती?

यावर माझे आजोबा हसले असते. ते भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुतार होते. गावाचे नांगर, वखर, तिफन, बंडी सारे त्यांच्या हातचे. कशावरही नाव नसे आणि गरजही नसे. चाक कुरकुरले की शेतकऱ्याला ठाऊक असे की कोणाच्या दारी जायचे. बारा बलुतेदारांच्या त्या व्यवस्थेत अन्याय होताच. सुताराला त्याच्या नावापेक्षा जातीने हाक मारली जाई, आणि मजुरी धान्याच्या रूपाने दुसऱ्याच्या मर्जीवर मिळे. पण वस्तू आणि ती करणारा यांची ताटातूट नव्हती. बाबा नागपूरला आले आणि ही ताटातूट झाली. आता खुर्ची बाबांची, मखमल आईची, पाटी डेकोरेशनवाल्याची आणि फोटो नवरदेवाचा. वस्तू अनोळखी माणसांत जाऊ लागली की तिच्यावर नाव लागते. पॅरिसच्या सुतारांना हे अठराव्या शतकात उमगले. आम्हाला अजून उमगायचे आहे.

बाबांनी एकदा प्रयत्न केला होता. एका सोफ्याच्या मागच्या पट्टीवर त्यांनी आपले नाव आणि फोन नंबर रंगवला. ज्यांची ऑर्डर होती त्यांनी तो खरवडून काढला आणि तिथे आपल्या दुकानाचे नाव टाकले. बाबा त्यांना काही बोलले नाहीत. पुढचे कामही त्यांच्याचकडून यायचे होते. घरी एवढेच म्हणाले, "जाऊ दे. नाव असतं तं दुरुस्तीलेही मलेच बोलावलं असतं, फुकटात."

त्यांचा राग येण्याचा मला अधिकार आहे का? आता ती गोष्ट सांगते जी वर राखून ठेवली होती. प्रथम वर्षाच्या प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या अर्जावर 'प्राध्यापक' लिहिलेले मला दिसले. मी 'खाजगी नोकरी' असे लिहिले. कोणी मला तसे सांगितले नव्हते. दुकानदाराने सोफ्यावरून जे नाव खरवडले, तेच मी माझ्या पेनाने अर्जावर खरवडले. त्याला निदान त्यात धंदा होता.

कोणी असेही म्हणेल की नावाला एवढे महत्त्व दिले की नावाचाच बाजार होतो. हा आक्षेप खोटा नाही. पॅरिसमध्ये २०१६ साली एक प्रकरण उघडकीस आले. जुन्या फर्निचरचा एक नामांकित जाणकार आणि एक कुशल कोरीवकाम करणारा या दोघांनी मिळून अठराव्या शतकातल्या म्हणून नव्या खुर्च्या तयार केल्या होत्या, आणि त्यांतल्या काही खुद्द व्हर्सायच्या संग्रहालयाने विकत घेतल्या होत्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने दोघांना शिक्षा सुनावली. त्यांनी खुर्च्यांवर मेलेल्या उस्तादाचे शिक्केसुद्धा उठवले होते. गुन्हा तो गुन्हाच. पण माझ्या मनात एक विचार येऊन गेला. ज्याचे काम मोठमोठ्या पारख्यांना अठराव्या शतकातले वाटले, तो माणूस आजच, आपल्यातच आहे. त्याने ती खुर्ची स्वतःच्या नावाने विकली असती तर तिला त्या किमतीचा काही हिस्साच मिळाला असता. म्हणून त्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव घ्यावे लागले. मेलेल्या सुताराच्या नावाला लाखो मोजायचे आणि जिवंत सुताराचे नाव विचारायचेही नाही, हा दोष एकट्या नागपूरचा नाही, हे पाहून मला वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले.

आपण लाकडाच्या मुलखात राहतो. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी, ज्याचे उद्घाटन २०२३ मध्ये झाले, सागवान नागपूरहून गेले हे आपण अभिमानाने सांगतो. लाकडाचे गाव आपल्याला पाठ असते. त्या लाकडाला आकार देणाऱ्या हाताचे गाव आपण विचारत नाही. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हाती लाकडी बैल देण्याची आपल्या नागपूरची रीत आहे. घरोघरी दोन-दोन पिढ्यांचे नंदीबैल जपून ठेवलेले असतात. आपल्या घरचा बैल कोणी केला, हे किती जणांना सांगता येईल? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे आपले झाले आहे. कारागीर पाहायला आपण पुस्तकातल्या पॅरिसला जातो.

म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि मित्र-मैत्रिणींना माझ्या तीन सूचना आहेत, तिन्ही फार कमी खर्चाच्या. पहिली: महाविद्यालयात डेडस्टॉक रजिस्टर असते. त्यात प्रत्येक बाकाचा क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत आणि पुरवठादाराचे नाव असते. फ्रान्सच्या राजाची वही याहून फार वेगळी नव्हती. त्यात आणखी एक रकाना आखावा, करणाऱ्याच्या नावाचा. दुसरी: यापुढे जे बाक, टेबल, कपाट येईल किंवा दुरुस्त होईल, त्याच्या खालच्या बाजूला कारागिराने आपले नाव आणि साल कोरावे अशी अट घालावी. बाक जास्त टिकेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण कर्कटक काढताना आपला हात कदाचित थांबेल. तिसरी सूचना इतिहास विभागाला: महाल आणि इतवारीत लाकडी खांबांचे, कोरीव दारांचे जुने वाडे अजून उभे आहेत. एकेक पडतो आहे. आपण दर वर्षी प्रकल्प करतोच. यंदा दोघा-दोघांनी एकेका वाड्यात जावे, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की हे काम कोणी केले, आणि जे नाव मिळेल ते लिहून आणावे. दहा वाड्यांतून एक नाव मिळाले तरी ते पहिले असेल.

ही तिसरी सूचना मी सरांना बोलून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "तुला हे सुचलं कसं?" त्या दिवशी मी सांगितले की माझे वडील सुतार आहेत आणि पुस्तकातली ती खुर्ची ते करतात. सर म्हणाले, "मग तासाला का नाही बोललीस?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. हा लेख लिहिताना मी शेडमधली एक खुर्ची उलटी केली, कुठे शिक्का बसवता येईल ते पाहायला. बैठकीच्या आतल्या पट्टीवर पटाशीने मारलेल्या तीन बारीक खाचा दिसल्या. दुसरी पाहिली, तिच्यावरही. बाबांना विचारले. ते म्हणाले, "थे माझी खूण आहे. दुरुस्तीले आली का ओळखू येते." किती वर्षांपासून? "पयल्यापासून." इतकी वर्षे मी त्या पट्ट्या घासत आले आणि त्या खाचा मला लाकडाचा दोष वाटत होत्या. नागपूरच्या कितीतरी लग्नांत नवरा-नवरी त्या तीन खाचांवर बसून गेले असतील. ती खूण वाचू शकणारा एकच माणूस होता. आता दोघे आहोत.

या लेखात मी बाबांचे नाव घातलेले नाही, याचे आश्चर्य वाटेल. मी घालणार होते. त्यांनीच नको म्हटले. "पहिले खुर्चीवर येऊ दे, मंग पुस्तकात टाक," असे त्यांचे म्हणणे. द्वितीय वर्षाच्या अर्जात मात्र मी त्या रकान्यात 'सुतारकाम' असे लिहिले आहे. लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठे आले.